काठ, पदर आणि पोत : सीमाभागातील वस्त्रांची रचनादृष्टी

(वाचनालयाच्या शताब्दी-व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर वस्त्ररचनेचा विषय यावा याचे काही श्रोत्यांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. ग्रंथांच्या सहवासात वाढलेल्या मंडळींना कापडाचा विषय पेठेतला वाटतो. वस्तुतः विणकाम आणि वाङ्मय यांचा घरोबा फार जुना आहे. 'सूत्र' म्हणजे दोरा आणि 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी गुंफण्याचा, बांधण्याचाच अर्थ आहे. मराठी समीक्षक कादंबरीची 'वीण' घट्ट की सैल ते सांगतो, कथानकाचे 'धागेदोरे' उकलतो, भाषेचा 'पोत' तपासतो. ही सारी शब्दसंपत्ती त्याने मागावरून उसनी आणलेली आहे. त्या उसनवारीची थोडी परतफेड करावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

आज वेशभूषेचे शिक्षण देणारे अभ्यासक्रम लहानमोठ्या शहरांतून चालतात. त्यांच्या पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला रचनेची मूलतत्त्वे शिकवली जातात. रेषा, आकार, रंग आणि पोत हे रचनेचे घटक, तर तोल, प्रमाण, लय, भर आणि एकसंधता हे त्या घटकांना एकत्र बांधणारे नियम. ही मांडणी मुख्यतः युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाली. जर्मनीत वायमार येथे 1919 साली सुरू झालेल्या 'बाऊहाऊस' या कलाशाळेचा तीत मोठा वाटा आहे. मांडणी चांगलीच आहे. तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार असलीच तर ती उदाहरणांविषयी आहे. विद्यार्थिनी पॅरिसच्या झग्यावरून 'भर' म्हणजे काय ते शिकते आणि तिच्याच घरातल्या ट्रंकेत आजीचे इरकली लुगडे डांबरगोळ्यांच्या वासात घडी मोडून न पाहता पडलेले असते. त्या लुगड्यात हे सगळे नियम आहेत. इतकेच नव्हे, तर ते तिथे का आले याचे कारणही त्याच लुगड्यात विणलेले आहे. पुस्तकात नियम सापडतो, कारण सापडत नाही.

बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात वस्त्राची परंपरा दोन वाटांनी पोहोचली. एक वाट खुद्द बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या विणकर वस्त्यांची. शहापूर हे संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली होते. 1948 साली संस्थाने विलीन झाली आणि ते बेळगावच्या अंगाला अधिकृतपणे जोडले गेले. तिथल्या लुगड्यांना आणि सराफीला या भागात जुना लौकिक आहे. आज त्या वस्त्यांतून ऐकू येणारा खडखडाट प्रामुख्याने यंत्रमागांचा आहे. दुसरी वाट पूर्वेकडून, आजच्या बागलकोट जिल्ह्यातून येणारी. तिथल्या इलकल गावचे लुगडे आणि बदामीजवळच्या गुळेदगुड्ड गावचा खण या दोन वस्तूंनी कृष्णा-घटप्रभेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा दोन्ही भाषांच्या बायकांना शतकानुशतके नटवले. इलकलचा मराठी जिभेवर 'इरकल' झाला आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंतच्या खेड्यांत इरकली लुगडे हे घरचेच वाटू लागले. विणणारा कन्नड, नेसणारी मराठी, आणि बाजार बेळगावचा किंवा सोलापूरचा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने आखलेली रेघ माणसांच्या आयुष्यातून किती खोल गेली हे या सभागृहात कोणी कोणाला सांगावयाची गरज नाही. लुगड्याने मात्र ती रेघ कधी मानली नाही.

आता हे लुगडेच उलगडून पाहू.

इरकली लुगड्याचे अंग परंपरेने सुती असते आणि पदर लाल रेशमाचा. म्हणजे एकाच वस्त्रात दोन जातींचा ताणा. अंगाचा ताणा संपतो तिथे पदराचा वेगळा ताणा त्याला जोडावा लागतो. एकेका धाग्याच्या फासात दुसरा धागा अडकवून हा सांधा केला जातो आणि मग वीण पुढे चालते. या सांध्यालाच 'टोप-तेनी' म्हणतात आणि पदरावरच्या दातेरी नक्षीलाही तेच नाव चिकटले आहे. साध्या पदराचे लुगडे असेल तर विणकर अनेक लुगड्यांचा ताणा एकदम मागावर चढवू शकतो. टोप-तेनीला ते चालत नाही. प्रत्येक लुगड्यासाठी ताणा वेगळा आणि सांधाही वेगळा.

एवढा खटाटोप कशासाठी? संपूर्ण लुगडे रेशमाचे विणले असते तर सांध्याची गरजच पडली नसती. परंतु ते शेतात राबणाऱ्या, हाट-बाजार करणाऱ्या कुटुंबाला परवडले नसते. तेव्हा रेशीम जिथे दिसेल, डोक्यावर आणि खांद्यावर येईल, चेहऱ्याभोवती महिरप धरील, तेवढ्याच जागी ते घालावयाचे. कमरेखाली निऱ्यांत आणि काष्ट्यात जे दडणार किंवा मातीला लागणार तिथे टिकाऊ सूत. शिवाय रेशीम लाल रंग जसा पिते तसा सूत पीत नाही. म्हणून सर्वांत तेजस्वी लाल तिथेच उमटतो. रचनाशास्त्र ज्याला 'भर' म्हणते, म्हणजे नजर सर्वप्रथम जिथे थांबावी अशी एक जागा ठरवणे आणि बाकीच्या जागांनी तिला वाट करून देणे, तो इथे काटकसरीतून जन्माला आला आहे. पैसा कमी होता म्हणून सौंदर्य एका जागी गोळा झाले. ज्या वस्त्रात सर्वत्रच जर पसरलेली असते त्याची श्रीमंती डोळ्यांत भरते, पण नजर कुठे ठरत नाही. लग्नसराईत भाड्याने मिळणारे आजचे भरजरी घागरे पाहिले म्हणजे याची प्रचीती येते.

पदराची रचना तर एखाद्या वृत्तासारखी नेमकी आहे. लाल रंगाचे तीन भरीव पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या नक्षीचे दोन पट्टे. लाल, पांढरा, लाल, पांढरा, लाल. पांढऱ्या-लाल सीमेवरचे दाते कोणाला फणीचे वाटतात, कोणाला किल्ल्याच्या तटाचे, कोणाला जोंधळ्याच्या कणसाचे, तर कोणाला डोंगरांच्या रांगेचे, आणि विणकरांमध्ये या प्रत्येक प्रकाराला वेगळे नावही आहे. पुनरावृत्ती आणि खंड यांतून लय निर्माण होते हे ज्याला ओवी म्हणता येते त्याला वेगळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. तीन चरण सारखे आणि चौथा आखूड, यातच ओवीचा ठेका असतो. पदरावरच्या पट्ट्यांची संख्या विषम आहे, तीही सहज आलेली नाही. विषम संख्येला मध्य असतो. सम संख्येला मध्य शोधावा लागतो.

काठाकडे वळू. इरकलीचा रुंद काठ परंपरेने चार ते सहा इंचांचा. गोमी, चिक्की, गाडी, परासपेट ही त्याच्या नक्षींची काही नावे. काठाचा रंग अंगात न मिसळता बांधीव राहावा म्हणून दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालवले जातात. या पद्धतीला विणकर 'कोंडी' म्हणतात. कन्नडमध्ये कोंडी म्हणजे आकडा, कडी, दोन गोष्टी एकमेकींत अडकवणारा दुवा. मराठीत कोंडी म्हणजे वाट बंद होणे. दोन शेजारी भाषांत एकाच उच्चाराला असे उलट अर्थ यावेत आणि तेही या प्रदेशात, यावर भाष्य न करणेच बरे.

काठ रुंद का, याचेही उत्तर सौंदर्यशास्त्रापूर्वी व्यवहारात सापडते. लुगडे आधी फाटते ते घोट्यापाशी, काठाला. तिथली वीण घट्ट हवी. दाट विणीमुळे काठाला वजन येते, वजनामुळे निऱ्या सरळ खाली पडतात, वाऱ्याने उडत नाहीत. वरचा मोठा साधा भाग आणि खालचा लहान पण गडद, जड भाग यांचे जे प्रमाण साधते त्याला रचनाशास्त्रात दृश्य तोल म्हणतात. लहान जागेतला गडद रंग मोठ्या जागेतल्या फिक्या रंगाला पेलून धरतो. इथे दृश्य तोल आणि प्रत्यक्ष वजनाचा तोल एकच झाले आहेत. अंगावरच्या बारीक चौकड्या किंवा रेघाही मुद्दामच दबक्या असतात. काठ आणि पदर बोलत असताना अंगाने ऐकावयाचे असते.

रंगांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. योहान्नेस इटेन हा बाऊहाऊसमधला आरंभीचा शिक्षक. 1961 साली प्रसिद्ध झालेल्या रंगविषयक ग्रंथात त्याने रंगविरोधाचे सात प्रकार सांगितले. त्यांतला एक म्हणजे पूरक रंगांचा विरोध : तांबडा आणि हिरवा शेजारी आले की दोघेही अधिक उजळतात. मोरपंखी किंवा पोपटी अंग आणि त्याला लाल काठ-पदर ही इरकलची जुनी जोडी नेमकी हीच आहे. इटेनने सांगितलेले विणकराला ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. त्याला ते शब्दांत सांगता येत नव्हते एवढेच. आणि दुसरी एक जोडी, काळ्या चंद्रकळेला लाल काठ. संक्रांतीच्या थंडीत काळे नेसावयाचे, ते उष्णता धरून ठेवते असे घरोघरी सांगितले जाते. पण काळ्यावर लाल जितका पेटून दिसतो तितका दुसऱ्या कोणत्याही रंगावर दिसत नाही हेही कारण त्यात नसेलच असे नाही.

लुगड्याची जोडीदारीण म्हणजे चोळी, आणि चोळीचा म्हणजे खण. मोल्सवर्थच्या कोशात एकोणिसाव्या शतकातच नोंदलेला हा शब्द आजही ओटी भरताना रोज उच्चारला जातो. नारळ, तांदूळ आणि खण. गुळेदगुड्डचा खण त्रिकोणी घडी घालून विकला जातो. त्या घडीत काठ आणि नक्षी एका दृष्टिक्षेपात दिसतात, तेव्हा दुकानदाराला तो उलगडून दाखवण्याची गरज पडत नाही. खणाची नक्षी जादा ताण्याच्या धाग्यांनी उठवलेली असते. बुट्टे बारीक, दाट आणि ओळीने बसलेले. ही बारीकी फार शहाणपणाची आहे. चोळी हे अंगावरचे सर्वांत लहान वस्त्र. बाही, पाठ, पुढचे दोन भाग आणि काखेतला तुकडा असे तिचे इतके तुकडे होतात की मोठी नक्षी त्यांत चिरडून गेली असती. लहान वस्त्राला लहान बुट्टा, हे प्रमाणाचे सूत्र आहे. शिंपी खणाचे काठ बाहीच्या टोकाला आणतो, म्हणजे दंडावर काठ आणि घोट्यावर काठ. वरच्या आणि खालच्या वस्त्राला एकाच रंगाने बांधल्यासारखे होते. लुगड्याचे अंग साधे, म्हणून चोळी भरगच्च. दोन्ही भरगच्च झाली असती तर एकमेकींशी भांडली असती.

खणाच्या पोताविषयीही बोलले पाहिजे. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असला की कापड हलताच रंग पालटतो. सावलीत जांभळा दिसणारा खण उन्हात तांबूस होतो. धूपछाव म्हणतात ते हेच. पोत हा स्पर्शाचा विषय आहे असे आपण मानतो. इथे तो प्रकाशाचा विषय होतो. चित्रात हे पकडता येत नाही, छायाचित्रात तर नाहीच. खण हाती घेऊन खिडकीपाशी जावे लागते. याच प्रदेशातल्या धनगरी घोंगडीचे पोत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. दख्खनी मेंढीची राठ लोकर, अरुंद पट्ट्या विणून एकमेकींना शिवलेल्या, चिंचोक्याची खळ दिलेली. अंगाला टोचते, पण खानापूरकडच्या पावसात तिच्यावरून पाणी निथळते. मऊ तेच चांगले असा पोताचा नियम कोणी सांगू लागला तर त्याला आषाढात गुरांमागे पाठवावे.

रेषा आणि आकार यांचा धडा द्यावा तो कशिद्याने. धारवाड-बेळगाव भागात इरकली लुगड्यांवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, काढले जाणारे कसूतीचे भरतकाम कापडावर चित्र छापून मग भरलेले नसते. बाई कापडाचे धागे मोजते. इतके सोडावयाचे, इतके उचलावयाचे. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंतीत सुई जाताना एक टाका सोडून एक घेते आणि परतताना सुटलेली जागा भरते; म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि मागे गाठ उरत नाही. मुरगी हीच चाल पायऱ्या-पायऱ्यांनी घेते. नेगी विणीसारखी दिसते, आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, ज्याचे नाव मेथीच्या दाण्यावरून आले.

धागे मोजून काढावयाचे म्हटल्यावर वर्तुळ काढता येत नाही. कापडात धागे उभे आणि आडवे असतात. वळणाला तिथे जागाच नाही. मग मोराची मान पायऱ्यांची होते, हत्तीची सोंड कोनांत मोडते, रथ, गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन मात्र आपसूक जमून येतात, कारण ती मुळातच उभ्या-आडव्या रेषांची बांधकामे. कसूतीत देवळे जास्त आणि वेली कमी का दिसतात याचे एक कारण भक्तीत असेल. दुसरे कापडाच्या विणीत आहे. साधनाची अडचण जिथे शैली होऊन बसते तिथे कला सुरू होते असे साहित्याच्या वर्गात शिकवले जाते. वृत्ताचे बंधन आणि कवितेची ओळ यांचे नाते समजावून द्यावयाचे असेल तर चंद्रकळेवरचा हा कोनाकोनांचा मोर दाखवावा.

रेषेचा विषय निघाला आहे तर एक गमतीची गोष्ट. उभ्या रेघांचे कापड नेसल्यास माणूस सडपातळ दिसतो आणि आडव्या रेघांनी जाड, हे वेशभूषेच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि दुकानदारही तेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच आणि अरुंद भासतो. 2011 साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातील पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने कपड्यांवर हेच तपासले, तेव्हा आडव्या रेघांनी जाडी वाढल्याचे काही आढळले नाही. थोडक्यात, छापील नियमापेक्षा आरशावर विश्वास ठेवलेला बरा.

आतापर्यंत वस्त्र जमिनीवर पसरून पाहिले. पण नऊ वार कापड म्हणजे केवळ सवाआठ मीटरांचा पट्टा. ते वस्त्र होते नेसल्यावर. शिवलेल्या कपड्याचा आकार शिंपी एकदाच ठरवतो, लुगड्याचा आकार बाई रोज सकाळी नव्याने ठरवते. काष्टा घातला की कमरेखाली दोन्ही बाजू सारख्या होतात. पुढे निऱ्या, मागे कासोटा, दोन पायांवरून उतरणारे दोन काठ. कमरेच्या वर मात्र पदर एकाच खांद्यावरून जातो, मराठी नेसणीत डाव्या, तर कन्नड मुलखातील काही समाजांत उजव्या. खाली समतोल, वर असमतोल. शरीराचा जो भाग जमिनीला धरून आहे तिथे स्थैर्य, आणि जो काम करतो तिथे एक हात मोकळा. चालू लागले की काठाची तिरकी रेघ पोटरीवर उघडते आणि मिटते. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी 'लय' फळ्यावर काढावी लागते, ती इथे पावलागणिक दिसते.

या नेसणीची खरी परीक्षा निपाणीने घेतली. निपाणी ही तंबाखूची पेठ. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांच्या नाका-तोंडात तंबाखूची उग्र धूळ जाई. त्यांच्या संघटनेच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने 1982 साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट निपाणीतच चित्रित केला. दीपा धनराज त्याच्या दिग्दर्शिका. वखारीतल्या अशा कामात पदर नाका-तोंडाला गुंडाळावा लागतो, ओचा कमरेला खोचावा लागतो, काष्टा मांडी घालून बसता-उठताना आड येत नाही आणि गडद अंग डाग पोटात घालते. रेशमी लाल पदर मात्र तिथे कोणी नेसून जात नसे. तो पंचमीला आणि लग्नाला. वखारीत सुती, साधे, आणि तेही बहुधा जुने. वस्त्राचे सौंदर्य सांगताना ते कोणाच्या अंगावर नव्हते याचाही हिशेब ठेवावा लागतो. रचनेचे सर्व नियम त्या जुन्या लुगड्यातही होते. फक्त रंग उडालेला होता.

वेशभूषेत पायातली वस्तूही येते, आणि अलीकडे जगाने या भागाकडे पाहिले ते तिच्यामुळे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. बेळगाव त्यांपैकी एक. अथणी, निपाणी भागात ही चप्पल पिढ्यान्पिढ्या बनते आणि निपाणीजवळच्या कापशीचे नाव तर तिच्या एका प्रकारालाच आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळा न ठोकता कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, सगळा रंग एकच. भर फक्त पट्ट्यावरच्या वेणीवर आणि गोंड्यावर. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान येथे 'प्राडा' या कंपनीने पुरुषांच्या वेशभूषेच्या प्रदर्शनात हुबेहूब याच घाटाची चप्पल दाखवली आणि तिला नुसती चामडी सँडल म्हटले. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन्ही राज्ये एका कागदावर आली, ती चपलेसाठी. कारागिराच्या हाती त्यातून काय पडते हे पुढील काही वर्षांत दिसेल.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवण्यासारखे आहे. बाऊहाऊसमध्येच शिकलेली ॲनी आल्बर्स ही विसाव्या शतकातली थोर विणकर. 1965 साली तिने विणकामावर ग्रंथ लिहिला आणि तो प्राचीन पेरूच्या विणकरांना आपले थोर गुरू म्हणून अर्पण केला. त्या विणकरांपैकी एकाचेही नाव तिला ठाऊक असणे शक्य नव्हते. ऋण मान्य करण्यासाठी नाव ठाऊक असावेच लागते असे नाही.

इरकल आणि खण यांनाही मानांकने मिळाली आहेत. पण मानांकन नावाचे रक्षण करते. नजरेचे करीत नाही. आज बाजारात 'इरकली' म्हणून जे ढिगाने मिळते त्यात पुष्कळसे यंत्रमागावरचे किंवा कृत्रिम धाग्यावर चक्क छापलेले असते. लाल आहे, पांढरे दाते आहेत, काठही आहे. नाही तो सांधा. ज्या अडचणीतून ही रचना जन्मली ती अडचणच काढून टाकली आहे. त्याला सर्वस्वी वाईट म्हणता येत नाही. ज्या घरात हातमागाचे लुगडे परवडत नाही तिथेही लाल पदर पोहोचावा यात गैर काय? वडगाव-खासबागचा यंत्रमागधारकही पोटासाठीच माग चालवतो आणि त्याचीही स्थिती काही हेवा करण्यासारखी नाही. अडचण अशी की दोन्हींना एकच नाव आहे, आणि फरक ओळखणारी नजर व फरक सांगणारे शब्द घराघरांतून नाहीसे होत चालले आहेत. ताणा, बाणा, धोटा, फणी, ओचा, कासोटा हे शब्द दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात सुरक्षित आहेत. तो कोश वाचनालयाच्या कपाटातही आहे. ज्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नाहीत ते दुकानदाराला काय विचारणार? त्याला किंमत तेवढी विचारता येते, आणि किमतीच्या परीक्षेत हातमाग नेहमीच नापास होतो. गेल्या काही वर्षांत खणाच्या अखंड साड्या, पिशव्या, पोलकी यांची हौस वाढली आहे. सहावारीभर पसरलेला तो बारीक बुट्टा दुरून नुसता ठिपक्यांचा धुरळा वाटतो, प्रमाण चुकते, हे खरे. पण त्यामुळे गुळेदगुड्डच्या काही मागांना काम लागले हेही खरे, आणि त्या प्रमाणदोषाला तूर्त क्षमा करावी.

लुगडे घेताना ते पारखण्याची रीत जुन्या बायकांना ठाऊक होती आणि ती शिकण्यास पाच मिनिटे पुरतात. घडी मोडून पदर उलट करावा. जिथे सुती अंग संपून रेशीम सुरू होते ती जागा बोटांनी चाचपावी. हातमागाच्या टोप-तेनीत तिथे आडवी, बारीक, किंचित खडबडीत ओळ लागते. फासात फास अडकवलेल्या धाग्यांची ती रांग उजेडाकडे धरली की डोळ्यांनाही दिसते. छापील पदराची उलट बाजू फिकी असते आणि बोट सरळ घसरत जाते.